दुसरी चूल

घरपट्टी म्हणजे काय, हे मला कोणी शिकवलं नाही. आमच्या काळी सुनेला पापड लाटायला शिकवत. पट्टी कशी बसते ते कोण शिकवणार? पण मी शिकले, आणि अशी शिकले की आजही पट्टीचं बिल दारात आलं की माझं पित्त खवळतं. घरातली पोरं हसतात. हसू देत मेली.

लग्न होऊन मी सांगलीहून वाईला आले ती लढाईच्या दिवसांत. आमच्या सांगलीला संस्थानी राज्य. माझे वडील पट्टी भरून येत, पावती खुंटीच्या तारेत खोचत आणि विषय संपे. वाई पडली इंग्रजी मुलखात. म्युनिसिपालटी जुनी, आणि पट्टीवर तासन्‌तास बोलणारी माणसं गल्लीभर. मामंजी, म्हणजे माझे सासरे, शाळेत मास्तर होते. सासूबाई घर बघत. माझे यजमान पुण्याला नोकरीला. पेट्रोल मिळेना म्हणून तेव्हा मोटारी कोळशावर चालत, तसल्या मोटारीतून ते शनिवारी काळेठिक्कर होऊन येत आणि सोमवारी परत जात. आणि मागच्या खोलीत राहत आत्याबाई.

आत्याबाई मामंजींच्या थोरल्या बहीण. नवऱ्याचं तोंड धड ओळखायच्या आत त्यांचं कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून माहेरीच. तांबडं आलवण, डोक्यावरून घट्ट पदर, आणि हात कधी रिकामा म्हणून नाही. देवळांना वाती पुरवायच्या, पत्रावळी लावायच्या, कोणाला मेतकूट करून द्यायचं. त्यात जे मिळे त्यातून आपलं पीठमीठ त्या स्वतः आणीत. खोलीत परसाकडच्या भिंतीला त्यांची स्वतःची चूल होती. एका माणसाची, म्हणून लहानशी. पण रोज सारवलेली, वर पांढऱ्या मातीचा हात फिरवलेला. बघत राहावं अशी.

लोकांना सांगायचं कारण सोवळं. खरं कारण त्यांनी मला एकदा भाकरी थापता थापता सांगितलं.

"सूनबाई, भावाचं घर म्हणायचं, पण घर असतं भावजयीचं. तुझी सासू मला आजवर वाकडं बोललेली नाही. का, माहितीये? मी तिच्या परातीत कधी हात घातला नाही."

मी नवी होते, रडवेली होते. त्या घरात मोकळा श्वास मी घेतला असेल तर त्या चुलीपाशी. सासूबाई वाईट होत्या असं नाही, पण त्यांच्या स्वयंपाकघरात मी सून होते. आत्याबाईंकडे गेलं की त्या पाट सरकवून म्हणत, "बैस. आज माझ्याकडे पाहुणी." आणि तव्यावरची पहिली भाकरी मला देत. स्वतःच्या घरातून द्यावी तशी देत. विधवा बाईला तेव्हा कोणी पाहुणी म्हणून जात नसे, हे मला फार पुढे कळलं.

आता पट्टीचं. मुंबईवर बाँब पडणार अशी हूल उठली आणि मुंबईचे लोक ट्रंका घेऊन वाईत आले. ज्या खोल्यांत आम्ही शेणी ठेवायचो त्यांना भाडी यायला लागली. आणि नेमकी त्याच सुमाराला म्युनिसिपालटीनं घरांची नव्यानं आकारणी काढली. मामंजींनी मला समजावून सांगितलं, त्यांची ती खोडच होती. सुनेलासुद्धा वर्गात बसवत. "पट्टी घराच्या विटांवर बसत नाही. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला काय येईल, त्यावर बसते. आपण स्वतः राहतो तोवर अंदाज बेताचा धरतात. पण घरात एक जरी बिऱ्हाडकरू ठेवला, की त्या खोलीचं भाडं खरं धरायचं आणि त्याच भावानं सगळं घर मोजायचं."

"आपल्याला काय त्याचं? आपल्याकडे कुठं बिऱ्हाडकरू आहे?" मी म्हटलं.

"तेच तर," मामंजी म्हणाले, आणि खुशीत शाळेला गेले.

गल्लीत मात्र धमाल. ज्यांच्याकडे मुंबईकर राहत होते त्यांनी कारकून मापं घ्यायला येतो म्हटल्यावर रातोरात नाती जोडली. समोरच्या घरात दोन जोडपी भाड्यानं होती. एक झालं मालकाचा मावसभाऊ, दुसरं झालं मालकिणीची बहीण. त्यांच्या शेगड्या माळ्यावर गेल्या. कारकून आला तेव्हा सगळे एका पंगतीला बसून पोहे खात होते, आणि एकमेकांची नावं विसरत होते. म्युनिसिपालटी काही दूधखुळी नव्हती. तिनं साधी खूण धरली होती: घरात चुली किती? नाती काय, सांगाल तितकी. चूल खोटं बोलत नाही. वेगळी चूल, वेगळं बिऱ्हाड.

आमच्याकडे आलेला कारकून तरुण होता, कुठला खानदेशाकडचा. बरोबर टेप धरायला एक शिपाई. मामंजी शाळेत, सासूबाई देवळात. मी दारामागे. पुढचं घर मोजून झालं, आणि दोघं परसातून मागच्या खोलीकडे गेले, तशी मी परसदाराआडून बघत राहिले. आत्याबाई चुलीपुढे होत्या.

शिपाई म्हणाला, "आज्जी, ही चूल कुनाची हाय?"

"माझी," आत्याबाई म्हणाल्या.

"म्हंजी तुमी पुढल्या घरात जेवत न्हाई?"

आणि आत्याबाई ताठ बसल्या. मला अजून दिसतात. आयुष्यात पहिल्यांदा कोणी सरकारी माणूस त्यांना काही विचारत होता. "मी कोणाच्या घरात जेवत नाही," त्या म्हणाल्या. "माझं मी आणते, माझं मी शिजवते. चूल वेगळी आहे माझी."

कारकुनानं मान हलवली, लिहिलं, आणि दोघं गेले. आत्याबाई कितीतरी वेळ खुशीत होत्या. मला म्हणाल्या, "बघ, लिहून घेतलं त्यानं." अगंबाई, मला तरी काय ठाऊक!

नोटीस आली तेव्हा मामंजी ओसरीवर उभे होते, ते खालीच बसले. मागची खोली बिऱ्हाडाला दिलेली, बिऱ्हाडकरू एक विधवा बाई, आणि त्या हिशेबानं सगळ्या घराची पट्टी अशी वाढलेली की मास्तरकीच्या पगारात ती बसवायची कुठं हा प्रश्न. पण पट्टीपेक्षा दुसरंच त्यांना डसलं होतं. आकारणीची यादी म्युनिसिपालटीत लोकांना बघायला ठेवत, आणि वाईत ती यादी लोक वर्तमानपत्रासारखी वाचत. मास्तर सख्ख्या विधवा बहिणीकडून भाडं घेतात! शाळेत कोणी तोंडावर बोललं नाही. पण घाटावर दोघं बोलत असले आणि मामंजी आले की गप्प होत, एवढं पुरे होतं.

मामंजींनी हरकत घेतली. सुनावणीला कोट-टोपी घालून गेले आणि जे काय झालं ते घरी येऊन एका दमात सासूबाईंना सांगितलं. मी आत ताक घुसळत ऐकत होते. ते म्हणाले, ती माझी सख्खी बहीण आहे. तिकडून उत्तर आलं, "मास्तर, या साली वाईत घरटी एक आत्या उपटलीय. आम्ही कोणाकोणाच्या आत्या खऱ्या धरायच्या?" मामंजी म्हणाले, चूल सोवळ्याची आहे. तर एक सभासद म्हणाला, "सोवळ्याला पट्टी माफ नाही," आणि सगळे हसले. शेवटी ठरलं की फेरपाहणी होईल. घरात एकच चूल दिसली तर बिऱ्हाड कमी करू.

करून गेला गाव आणि आमच्या माथी नाव! ज्यांनी भाडी खाल्ली ते मावसभावांना घेऊन मोकळे झाले, आणि ज्याच्या घरात खरी आत्या होती तो पकडला गेला. समोरचा मालक उलट मामंजींनाच शहाणपण सांगायला आला: "घरोघरी मातीच्या चुली, मास्तर. आज मोडायची, साहेब बघून गेला की उद्या घालायची. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं. मला तेव्हाच त्याच्या अंगावर ताकाचं भांडं ओतावंसं वाटलं होतं.

आत्याबाईंना सांगायचं कोणी? मामंजींनी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी मला. "तुझं ऐकतात वन्सं. बोलून बघ." मी म्हटलं, मी नाही. तशी नव्या सुनेनं नाही म्हणायची रीत नव्हती, पण म्हटलं. मग एका दुपारी मामंजी स्वतः गेले आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"अक्का, थोडे दिवस चूल मोडावी लागेल."

आत्याबाईंच्या हातात वात वळायची होती, ती त्यांनी पुरी वळली. "पट्टी किती वाढलीय? वाढली तेवढी मी भरीन. आणखी वाती करीन, मेतकूट करीन. तू काळजी नको करूस."

"अगं, तू भरलीस म्हणजे तेच भाडं झालं!" मामंजी कळवळून ओरडले. "मग ते लिहितात तेच खरं. मी बहिणीकडून पैसे घेऊन तिला खोलीत ठेवतो, हेच खरं!"

मी मध्ये तोंड घातलं, म्हटलं, आत्याबाई, शेगडी वापरा. उचलून ठेवता येते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागावून नाही. "लपवायची चूल नको गं मला," म्हणाल्या. मग मामंजींना म्हणाल्या, "मोड. घर तुझं आहे."

असं त्या त्याआधी कधी म्हणाल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळचं शिजवून घेतलं, जेवल्या, भांडी घासून पालथी घातली. निखाऱ्यांवर दुधाचा शिंतोडा दिला. मग मला हाक मारली. "चुलीला हळदकुंकू वाहा. मला चालत नाही." मी वाहिलं. मामंजी पहार घेऊन आले आणि दोन घावांत काम झालं. एवढीशी तर चूल. सासूबाईंनी माती घमेल्यात भरून परसात टाकली आणि जमीन सारवली. त्या रडत होत्या. मीही. आत्याबाई तेवढ्या रडल्या नाहीत.

सगळ्यांच्या मनात दोन-चार दिवसांची गोष्ट होती. पण म्युनिसिपालटीचे दोन-चार दिवस! मामंजी कचेरीत जाऊन विचारत; कारकून रजेवर. पुन्हा जात, साहेब पाचगणीला. शिपाई म्हणे, "येतील वो मास्तर, घाई काय हाय? न सांगता येनार, मंग त्याला फेरपाहणी म्हनत्यात." म्हणजे चूल परत घालायचीही सोय नाही. न जाणो आजच यायचे.

आणि आत्याबाई आमच्या स्वयंपाकघरात जेवायला लागल्या. सासूबाईंनी काही कमी केलं नाही, देवाशपथ सांगते. आंघोळ करून, सोवळं नेसून, सगळ्यांच्या आधी त्यांचं शिजवत. पण आत्याबाईंची भूकच गेली. पहिल्या वाढण्यालाच "बास" म्हणायच्या. एकादशीला जोडून आणखी उपास काढू लागल्या. भाजी आवडली का विचारलं तर म्हणायच्या, "छान झालीय," आणि तशीच ठेवायच्या. आधी घरात काही चुकलं की सासूबाईंना त्या स्पष्ट बोलायच्या. थोरल्या नणंदेचा मान होता तो. आता बोलेनात. एकदा माठातलं पाणी घ्यायला आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घेऊ का?"

मला भडभडून आलं. ज्या घरात त्या जन्मल्या तिथलं पाणी, आणि काल आलेल्या सुनेला विचारतात, घेऊ का! मी सासूबाईंसमोरच म्हणाले, "जळो ती पट्टी. उद्या भीक मागू, पण चूल घाला परत." सासूबाईंनी डोळे वटारले, पण रागावल्या नाहीत. त्या रात्री मामंजी जेवले नाहीत.

वातींचं कामही सुटत गेलं. कशाला करायच्या? पीठमीठ तर भावाच्या घरचं. आलेले पैसे त्या सासूबाईंपुढे ठेवू लागल्या, आणि सासूबाई घेईनात, तर तसेच फळीवर ठेवून जात. आमच्या घरात भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

थंडी सरत आली तेव्हा ते एकदाचे आले. तोच कारकून, तोच शिपाई. मागच्या खोलीत गेले. भिंत सपाट, जमीन सारवलेली. शिपायानं वाकून नीट बघितलं. आत्याबाई कोपऱ्यात बसल्या होत्या.

कारकुनानं विचारलं, "बाई, तुम्ही जेवता कुठं?"

मामंजी शेजारी उभे होते. त्यांना वाटलं असावं की अक्का बोलायच्या नाहीत; ते तोंड उघडणार तोच त्या बोलल्या.

"भावाकडे. तो घालतो ते खाते."

"वेगळं काही शिजवता?"

"नाही."

कारकुनानं लिहिलं. जाताना शिपाई मामंजींना म्हणाला, "झालं वो मास्तर तुमचं काम." आणि झालंच. बिऱ्हाड कमी झालं, पट्टी पूर्वीइतकी खाली आली, यादीतलं नाव खोडलं गेलं. गल्लीत लोक म्हणाले, मास्तर जिंकले.

यादी बदलली त्याच्या दुसऱ्या दिवशी मामंजी शाळेला गेलेच नाहीत. नदीवरून स्वतः माती आणली. टांग्याच्या अड्ड्यावरून लीद आणली, भुसा मागून आणला. मास्तर माणूस, धोतर खोचून परसात माती तुडवतोय, हे गल्लीनं बघितलं; त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. मी पाणी घालत होते. माती चांगली मळून लोण्यासारखी झाली तसं ते आत्याबाईंच्या दाराशी गेले, हात चिखलानं भरलेले.

"अक्का, चल. कशी हवी तशी सांग. तुझ्या हातानं घाल. मी माती देतो."

आत्याबाई उठल्या नाहीत. "कशाला?" म्हणाल्या.

"कशाला म्हणजे? झालं ते काम. आता कोणी येत नाही."

"मी सांगितलंय ना रे त्यांना. भाऊ घालतो ते खाते म्हणून. ते खोटं कसं करू?"

"अगं, ते पट्टीपुरतं!"

"मी नव्हतं बोलले पट्टीपुरतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आधी त्यानं विचारलं तेव्हा खरं सांगितलं. परवा विचारलं तेव्हाही खरंच सांगितलं. आता पुन्हा चूल घालू, पुन्हा ते यायचे, पुन्हा तू पहार आणायचास. राहू दे. पट्टी वाढेल."

"वाढू दे!" मामंजी म्हणाले. आणि तो एवढा मोठा माणूस, अख्खी शाळा ज्याला भ्यायची, उंबऱ्यावर बसून चिखलाच्या हातांनी तोंड झाकून रडला. आत्याबाई उठून आल्या, पदरानं त्याचं तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, "चल, जेवायची वेळ झाली. तुझी बायको खोळंबली असेल." पण चूल घातली नाही.

मामंजींनी पुढे अनेकदा विचारलं. सासूबाईंनी विचारलं, मी विचारलं. माझे यजमान पुण्याहून एक सुबक शेगडी घेऊन आले, ती फळीवरच राहिली. आत्याबाई सगळ्यांशी गोड बोलायच्या, वाढलेलं खायच्या, आणि ताट उचलताना म्हणायच्या, "छान झालं होतं." मला त्यांनी पुन्हा कधी "पाहुणी" म्हटलं नाही. कसं म्हणतील? कुठल्या घरात?

त्या गेल्या स्वातंत्र्य मिळायच्या थोडं आधी. फार आजारल्याही नाहीत. खातच कमी होत्या, मग अगदीच कमी झाल्या, आणि एका सकाळी उठल्या नाहीत. मूलबाळ नाही, तेव्हा मडकं धरायचं मामंजींनी. ओटीवर सगळी तयारी झाली. भटजी म्हणाले, विस्तव आणा घरातला.

सासूबाई पळी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, आमच्या चुलीतले निखारे काढले आणि मडक्यात घालायला आणले. मामंजींनी मडकं मागे घेतलं.

"हा नको," ते म्हणाले. "हिच्या चुलीतला आणा."

निखारे पळीत विझत चालले तशी सासूबाईंनी हलक्या हातानं त्यांच्याकडून मडकं घेतलं, आमच्याच चुलीतला विस्तव त्यात घातला, आणि परत त्यांच्या हातात दिलं.